जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (इ.स. १८५५ – जानेवारी १८९१) हे ब्रिटिश पशुवैद्य, शरीररचनाशास्त्राचे अध्यापक, ग्रंथकार आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. त्यांनी तरुण वयात लिहिलेले घोड्याच्या शरीररचनेवरील पुस्तक, ब्रह्मदेशातील खेचरांच्या साथीचा त्यांनी केलेला अभ्यास आणि परळ येथे २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झालेले महाविद्यालय या तीन गोष्टींसाठी त्यांचे नाव पशुवैद्यकाच्या इतिहासात घेतले जाते. मुंबई इलाख्यात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा समावेश असलेल्या तत्कालीन खानदेशातही, घोड्याच्या लंगडण्यावरील उपचार नालबंद आणि सालोत्री यांच्या परंपरागत हातांतून शिक्षित पशुवैद्याच्या हाती येऊ लागले, ते या महाविद्यालयामुळे.

== शिक्षण आणि पहिला ग्रंथ ==

स्टील यांचे शिक्षण लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात झाले. १७९१ साली स्थापन झालेली ही संस्था आरंभापासून मुख्यतः घोड्यांचीच शाळा होती. इंग्लंडचे लष्कर, टपाल, शेती आणि शहरातील मालवाहतूक हे सारे घोड्याच्या चार पायांवर उभे होते. त्यामुळे घोड्याचा पाय हा तेथील अभ्यासाचा केंद्रबिंदू झाला. खूर जमिनीवर टेकताना किंचित फाकतो की नाही, लोखंडी नाल ठोकल्याने त्या हालचालीस बाधा येते की नाही, तळव्याच्या मध्यभागी असलेल्या मऊ त्रिकोणी भागावर भार पडणे हितकर की अपायकारक, या प्रश्नांवर एडवर्ड कोलमन आणि ब्रेसी क्लार्क यांच्यासारख्या पशुवैद्यांनी वर्षानुवर्षे वाद घातले होते. आज हा वाद क्षुल्लक वाटेल, पण सदोष नालेमुळे निकामी झालेला प्रत्येक घोडा कुणाच्या तरी उपजीविकेचा प्रश्न असे.

१८७५ साली पदवी घेतल्यानंतर स्टील यांनी लष्करी पशुवैद्यक सेवेत आणि पुढे आपल्याच महाविद्यालयात शरीररचनेचे अध्यापक म्हणून काम केले. १८७६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे घोड्याच्या शरीररचनेची रूपरेषा मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते विच्छेदनगृहात हातात शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले होते. त्यांच्या पुढील कार्याचा स्वभाव या पहिल्या पुस्तकातच दिसतो. रोगावर बोलण्याआधी शरीर उघडून पाहावे आणि विद्यार्थ्यालाही पाहावयास लावावे, हा तो स्वभाव होय. १८८१ साली त्यांचा गुरांच्या रोगांवरील मोठा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा लष्करी सेवेत शिरून भारतात आले.

== भारतातील परिस्थिती ==

भारतात अश्वविद्येची परंपरा जुनी आहे. शालिहोत्र या नावाशी जोडलेल्या ग्रंथपरंपरेवरूनच घोड्यांच्या वैद्याला सालोत्री हे नाव पडले. मराठ्यांच्या इतिहासात भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे प्रसिद्ध होते. ही तट्टे आकाराने लहान, काटक आणि डोंगरवाटांना सरावलेली असत. पागेतील मोतद्दार आणि नालबंद यांना घोड्याच्या चालीचे जे ज्ञान होते ते पिढ्यांच्या सवयीतून आलेले होते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. दुरून टापांचा आवाज ऐकून कोणता पाय हलका पडतो आहे हे सांगणारी माणसे आजही घोड्यांच्या बाजारात भेटतात.

या ज्ञानाची मर्यादा मात्र उपचारात होती. पाय दुखतो हे कळे, परंतु पायात नेमके कुठे दुखते हे कळण्यासाठी आतली हाडे, स्नायुबंध आणि नसा पाहिलेल्या असाव्या लागतात. ते ज्ञान नसल्याने सर्व दुखण्यांवर सारखेच उपाय होत, आणि त्यांत तापलेल्या लोखंडाने डाग देणे हा प्रमुख होता. हा उपाय केवळ भारतीयांचा होता असे मानणे चूक ठरेल. युरोपातील पशुवैद्यही त्या काळी आणि त्यानंतर बराच काळ घोड्याच्या पायांना डाग देत असत. डाग दिल्यानंतर घोड्याला काही आठवडे विश्रांती द्यावी लागे. अनेकदा बरे वाटे ते त्या विश्रांतीने, आणि श्रेय मात्र लोखंडाला जाई.

स्टील यांनी भारतात येताच लेखन आणि संपादनाचे काम हाती घेतले. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी फ्रेडरिक स्मिथ या सहकारी लष्करी पशुवैद्याबरोबर भारतातील पशुवैद्यकाला वाहिलेले त्रैमासिक सुरू केले. दूरदूरच्या छावण्यांत एकेकटे काम करणाऱ्या पशुवैद्यांना आपली निरीक्षणे परस्परांपुढे मांडण्याची सोय त्यामुळे झाली. हत्तीच्या रोगांवरील त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या माणसाला हत्तीचा पाय नव्यानेच अभ्यासावा लागला असणार, हे उघड आहे.

== सर्रा रोगाचा अभ्यास ==

१८८५ मध्ये ब्रिटिश ब्रह्मदेशात लष्करी वाहतुकीची खेचरे एका अनाकलनीय रोगाने मरू लागली. तपासासाठी स्टील यांना तेथे पाठविण्यात आले. हा रोग म्हणजे सर्रा होता. त्यात ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खात असूनही खंगत जाते. पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते. मागचा भाग दुबळा होऊन चाल डळमळते. पाय सुजलेले आणि पाऊल अडखळणारे जनावर पाहून पायांवरच लेप लावणारा मनुष्य येथे हमखास फसतो, कारण रोग पायात नसून रक्तात असतो.

ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली एक वळवळणारा जीव पाहिला होता. स्टील यांना तोच जीव ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात आढळला. रोगी रक्त निरोगी जनावरास टोचल्यावर रोग लागतो हेही त्यांनी पडताळून पाहिले. मात्र त्या जीवाचे वर्गीकरण करताना त्यांची चूक झाली. मनुष्यास होणाऱ्या पुनरावर्ती ज्वराशी या रोगाचे साम्य पाहून त्यांनी त्याला सर्पिल आकाराच्या जंतूंत गणले आणि इव्हान्स यांच्या सन्मानार्थ स्पायरोकीटा इव्हान्सी असे नाव दिले. तो जंतू नसून ट्रिपॅनोसोमा वर्गातील एकपेशीय परजीवी आहे हे पुढे स्पष्ट झाले. वर्गनाम बदलले, पण स्टील यांनी दिलेले इव्हान्सी हे जातिनाम टिकून राहिले आणि आजही ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी याच नावाने हा परजीवी ओळखला जातो. गोमाशांसारख्या चावणाऱ्या माश्यांमार्फत त्याचा प्रसार होतो हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये दाखविले. तोवर स्टील यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती.

== मुंबई आणि परळचे महाविद्यालय ==

१८८० च्या दशकातील मुंबई ही घोड्यांची नगरी होती. इराणच्या आखातातून अरबी घोडे आणि ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे बंदरात उतरत. ९ मे १८७४ पासून रुळांवरून धावणाऱ्या ट्रामगाड्या घोडेच ओढीत, आणि १९०५ पर्यंत हे असेच चालू राहिले. व्हिक्टोरिया, टांगे आणि मालाच्या गाड्या यांची भर वेगळी. फरसबंदीच्या कठीण रस्त्यावर दिवसभर धावणाऱ्या घोड्याच्या खुराला प्रत्येक पावलागणिक हादरा बसतो. मऊ मातीवर कित्येक वर्षे टिकणारा पाय अशा रस्त्यावर लवकर निकामी होतो. मालक श्रीमंत असेल तर घोडा बदले, नसेल तर लंगडता घोडाच जुंपला जाई.

जनावरांविषयी दया या शहरात नव्हती असे नाही. १८३४ साली सर जमशेदजी जिजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली होती. परंतु पांजरपोळ आश्रय देते. रोग बरा करणे हे तिचे मूळ काम नव्हे. जनावरांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांना गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीची जोड मिळाली आणि परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय अस्तित्वात आले. आश्रयाकडून उपचाराकडे जाणारे हे पाऊल होते.

या रुग्णालयाच्या सान्निध्यातच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे प्राचार्य झाले. ही रचना फार मोलाची होती. विद्यार्थ्याने सकाळी व्याख्यानात जे ऐकले ते त्याला शेजारच्या अंगणात उभ्या असलेल्या जनावरावर पाहता येई. भारतात याआधी १८८२ मध्ये लाहोर येथे असे महाविद्यालय निघाले होते, मुंबईचे त्यानंतरचे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीधर म्हणून जी.बी.व्ही.सी. ही उपाधी मिळे. जुन्या सरकारी कागदपत्रांत आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर ही चार अक्षरे पुष्कळ वर्षे दिसत राहिली.

== लंगड्या घोड्याची परीक्षा ==

स्टील यांच्या अध्यापनाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील पशुवैद्याजवळ कोणती साधने होती हे पाहिले पाहिजे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. कोकेनमुळे शरीराचा एखादा भाग बधिर होतो हे १८८४ मध्ये कळले होते, परंतु घोड्याच्या पायातील एकेक नस बधिर करून दुखणे कुठे आहे हे ओळखण्याची पद्धत नंतर रुळली. म्हणजे डोळा, कान, हाताची बोटे आणि शरीररचनेचे ज्ञान एवढीच सामग्री होती. यांपैकी पहिली तीन नालबंदाजवळही होती. चौथे महाविद्यालयाने दिले.

घोडा उभा असतानाच परीक्षा सुरू होते. निरोगी घोडा मागचा एखादा पाय आलटून पालटून सैल सोडतो, ते स्वाभाविक आहे. पुढचा पाय मात्र पुढे टाकून उभा राहत असेल तर शंका घ्यावी. मग त्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत चालवितात आणि नंतर दुडकीने पळवितात. लगामाची दोरी सैल हवी, नाही तर मानेची हालचाल दिसत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताच घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना मान खाली जाते. येथे नवशिक्याची नेहमी चूक होते. मान ज्या पायावर खाली जाते तोच दुखरा असे त्याला वाटते, प्रत्यक्षात ते उलट असते. मागचा पाय दुखत असेल तर मागून पाहावे लागते. दुखऱ्या बाजूच्या पुठ्ठ्याची वरखाली हालचाल अधिक होते.

पाय निश्चित झाला की जागा शोधायची. घोड्याच्या शरीराचा सुमारे तीन पंचमांश भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून लंगडेपणा पुढच्या पायांत अधिक आढळतो, आणि त्यांतही कारण बहुधा खुरात असते. त्यामुळे खांद्यात काही सापडले असे वाटले तरी आधी खूर तपासावा असा शहाणा दंडक आहे. दोन्ही खुरांवर तळहात ठेवून उष्णतेतील फरक पाहतात. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागील बाजूस बोटे ठेवल्यास नाडी लागते. खुराच्या आत दाह असेल तर ती ठळकपणे उडते. नाल काढून, तळवा खरवडून, मोठ्या चिमट्याने खुराचा एकेक भाग दाबून पाहतात. दुखरी जागा आली की घोडा पाय ओढतो.

कारणेही एकसारखी नसतात. नाल ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागात गेला तर घोडा त्याच दिवशी किंवा दोनतीन दिवसांत लंगडू लागतो. आत पू झाल्यास तळव्यातून वाट करून तो बाहेर काढणे आणि कोंड्याचे गरम पोटीस बांधणे हा जुना आणि योग्य उपाय. अशा जखमेतून धनुर्वात होण्याचे भय असे आणि त्यावर स्टील यांच्या काळी औषध नव्हते. धान्याच्या कोठीत तोंड घालून घोड्याने पोटभर दाणा खाल्ला तर खुराच्या आतील नाजूक पापुद्र्यांना दाह होतो. मग तो पुढचे पाय पुढे ताणून, टाचांवर भार देऊन उभा राहतो आणि हलण्यास नकार देतो. त्याला बळेच चालविणे घातक, कारण खुरातील हाड आपल्या जागेवरून ढळू शकते. दाणा बंद करणे, मऊ जमिनीवर ठेवणे आणि खूर थंड पाण्यात राखणे हे करावयाचे.

सर्वांत फसवे दुखणे खुराच्या मागील भागातील नावेच्या आकाराच्या लहान हाडाचे. या हाडाच्या मागून एक जाड स्नायुबंध घसरत जातो आणि हळूहळू दोन्ही झिजतात. बहुधा दोन्ही पुढचे पाय एकाच वेळी दुखतात, म्हणून मान वरखाली होत नाही. घोडा केवळ आखूड पावले टाकू लागतो, ठेचकाळतो. मालकाला वाटते की घोडा आळशी झाला. एकोणिसाव्या शतकात यावर खुराकडे जाणारी नस कापून टाकण्याची शस्त्रक्रिया करीत. त्याने वेदना थांबे, झीज थांबत नसे. घोडा पुन्हा धावू लागे आणि विकलाही जाई. वेदनेचा उपचार आणि रोगाचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या शस्त्रक्रियेइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही. निरोगी पायाच्या नालेखाली बारीक खडा दडवून दोन्ही पाय सारखे लंगडते करण्याची युक्तीही जगभरच्या घोडेबाजारांत जुनी आहे. अशा बाजारात खरेदीदाराच्या बाजूने उभा राहणारा जाणकार हवा असतो.

१८९० मध्ये हिंदुस्थानात जनावरांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि काम करण्यास अयोग्य अशा जनावरास कामास लावणे हा गुन्हा ठरला. पण कोणते जनावर अयोग्य हे सांगावयास प्रशिक्षित मनुष्य लागतो. परळमध्ये अशी माणसे घडविण्याचे काम त्याआधी चार वर्षे सुरू झाले होते.

== खानदेश आणि सारंगखेडा ==

स्टील यांच्या काळी खानदेश हा मुंबई इलाख्यातील एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. या जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिच्यातील घोडेबाजार महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठेवाडी आणि इतर जातींचे घोडे येथे विक्रीस येतात आणि त्यांची चाल पाहूनच सौदे होतात.

वर वर्णिलेली परीक्षा या बाजारात आजही उपयोगी पडते. यात्रेतील नृत्य करणाऱ्या घोड्याची ऐटदार चाल पाहून भुलण्याऐवजी त्याला कठीण जमिनीवर, सैल दोरीने, साध्या दुडकीने पळविण्यास सांगावे. खूर हाताने चाचपावेत. नाल ताजी आहे काय ते पाहावे. खुराची भिंत महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, त्यामुळे मागील काही महिन्यांतील आजार आणि उपासमार यांच्या आडव्या कडा तिच्यावर वाचता येतात. दर चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून नाल पुन्हा बसविणे हा खर्च खरेदीच्या वेळी फारसे कुणी हिशेबात धरीत नाही.

== अखेरची वर्षे ==

प्राचार्यपदाचा भार सांभाळून स्टील यांचे लेखन अखंड चालू होते. कुत्र्यांच्या रोगांवरील ग्रंथ १८८८ मध्ये आणि उंट व मेंढी यांच्या रोगांवरील पुस्तके १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. घोडा, गाय-बैल, हत्ती, कुत्रा, उंट आणि मेंढी अशा सहा प्रकारच्या जनावरांवर एकाच माणसाने पंधरा वर्षांच्या आत पुस्तके लिहावीत ही असामान्य गोष्ट आहे. यांतील काही पुस्तके घाईची वाटतात आणि त्यांतील उपचारांचा बराचसा भाग आता कालबाह्य आहे. तथापि भारतातील पशुवैद्याला त्या वेळी हाताशी धरता येईल असे दुसरे फारसे काही उपलब्ध नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

या श्रमांचा आणि हवामानाचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. जानेवारी १८९१ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पस्तीस वर्षांच्या आसपास होते आणि महाविद्यालय सुरू होऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ निधी जमवून इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेतर्फे स्टील स्मृतिपदक देण्याची प्रथा सुरू झाली. मुंबईचे महाविद्यालय परळ येथेच चालू आहे. ते आता नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून शेजारचे बाई साकरबाई रुग्णालयही जनावरांवर उपचार करीत आहे.